गार पडलेली गिऱ्हाइकं आणि न परतलेल्या बाया

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, महिन्याभराच्या अंतरात आमच्या संस्थेत दोन गोष्टी घडल्या. पहिली आनंदाची. पुण्यातल्या एका कंपनीकडून आमच्या उत्पादन केंद्राला अडीचशे कापडी पिशव्यांची आणि तितक्याच भाजणीच्या पुड्यांची ऑर्डर आली. दुसरी गोष्ट अशी, की आमच्या सल्ला केंद्रात पूर्वी एकदाच येऊन गेलेल्या एका बाईचा फोन तिच्या नवऱ्यानं काढून घेतला. दोन्हींच्या मागे कारण एकच होतं : संगणकावर आम्ही बसवलेली, आपोआप ईमेल पाठवणारी एक सोय. ती बसवावी हा आग्रह माझा होता. म्हणून याबद्दल लिहिणंही मलाच भाग आहे.

आमच्या कामाची दोन अंगं आहेत. एकीकडे बचतगटाच्या बायका गोधड्या, पिशव्या, भाजणी, मेतकूट, तिखट तयार करतात. दुसरीकडे घरातल्या मारहाणीला कंटाळलेल्या, घराबाहेर काढलेल्या, पोटगीसाठी झगडणाऱ्या बायका सल्ल्यासाठी येतात. कार्यालय एकच, संगणक एकच आणि त्याच्यासमोर बसणारी मुलगीही एकच. पुढे जे झालं त्याचं मूळ बरंचसं या 'एकच'मध्ये आहे.

हिवाळ्यात आम्ही भीमथडी जत्रेत, कधी मुंबईला महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल लावतो. लोक थांबतात, गोधडी हातात घेऊन बघतात, 'आमच्या ऑफिसला दिवाळीत द्यायला छान आहे हो' म्हणतात आणि कार्ड देऊन जातात. ही कार्डं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात साठायची. पुढे कोण लिहिणार? प्रदर्शन संपलं की आमच्या बायका आपापल्या घरी, शेतावर. मी आणि माझ्या सहकारी कोर्टाच्या तारखांमागे. दिवाळी जवळ आली की कोणाला तरी डबा आठवायचा आणि तोवर कंपन्यांनी सुक्या मेव्याचे खोके ठरवून टाकलेले असायचे.

संस्थेच्या एका हितचिंतकांच्या मुलानं हा डबा पाहिला आणि हसला. म्हणाला, 'मावशी, याला आमच्या धंद्यात कोल्ड लीड म्हणतात.' म्हणजे एकदा चौकशी करून गप्प बसलेलं, गार पडलेलं गिऱ्हाईक. आणि आधी एकदा माल नेलेला तो 'पास्ट क्लायंट'. दोघांच्या मागे चिकाटीनं लागावं लागतं आणि ही चिकाटी माणसात नसते, ती यंत्राकडे सोपवावी, असं त्याचं म्हणणं.

सोय समजायला अवघड नाही. एक्सेलमध्ये नावं, कंपनी, ईमेल आणि कुठे भेट झाली ते भरायचं. चार पत्रं एकदाच लिहून ठेवायची. नावाच्या जागी प्रत्येकाचं नाव आपोआप बसतं. पहिलं पत्र गेलं आणि चार दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुसरं जातं. आठवड्यानं तिसरं, अगदी दोन ओळींचं. शेवटच्यात 'आता पुन्हा त्रास देत नाही' असं लिहिलेलं. मध्येच उत्तर आलं तर पुढची पत्रं थांबतात. जुन्या गिऱ्हाइकांना दिवाळीआधी दीड महिना एक वेगळं पत्र : गेल्या वर्षी आपण इतके पुडे नेले होते, यंदा किती लागतील? पत्रात डोळ्यांना न दिसणारं एक इवलंसं चित्र असतं. पत्र उघडलं की ते चित्र ओढलं जातं आणि आपल्याकडे 'उघडलं' अशी खूण उमटते. सुरुवातीला मी रोज सकाळी ती खूण बघत बसायचे. (पुढे कळलं की २०२१पासून ॲपलच्या फोनवरची मेलची सोय ही चित्रं स्वतःच आधी ओढून ठेवते, त्यामुळे माणसानं पत्र पाहिलेलं नसलं तरी 'उघडलं' दिसू शकतं. म्हणजे माझा निम्मा आनंद खोटा होता.)

या सोयीला नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पुण्याच्या त्या कंपनीतल्या बाईंनी तिसऱ्या पत्राला उत्तर दिलं. 'बरं झालं परत लिहिलंत, माझ्या डोक्यातून पार गेलं होतं,' असं त्यांनी लिहिलं. त्या तिसऱ्या पत्रानं आमच्या अठरा बायकांना ऐन सणाच्या तोंडावर काम मिळालं. कोणी मुलीची फी भरली, कोणी सोसायटीचा हप्ता. आमच्या जुन्या मैत्रिणी रात्र रात्र जागून सायक्लोस्टाईलवर पत्रकं काढायच्या, हात शाईनं माखायचे, त्याच्या आठवणी त्या आजही सांगतात. त्या कष्टांचं मला मोल आहे, पण तेच कष्ट पुन्हा करावेत असं काही वाटत नाही.

विकण्यासाठी पत्र पाठवण्यालाही मर्यादा असतात. अमेरिकेत २००३च्या कायद्यानं अशा पत्रात 'मला यापुढे नको' म्हणण्याची सोय देणं बंधनकारक केलं. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी रोज हजारोंनी पत्रं पाठवणाऱ्यांना सांगितलं, की ही सोय एका बोटाच्या दाबावर असली पाहिजे. आमची पत्रं शे-दोनशेच्या वर जात नाहीत, तरी आम्ही ती ओळ तळाशी घातली. कोणी 'नको' म्हटलं की नाव कायमचं खोडतो. इथवर सगळं ठीक होतं.

मग आला तिमाही अहवाल.

ज्यांनी संस्थेत काम केलं आहे त्यांना हा प्रसंग सांगायला नको. आम्हाला निधी देणाऱ्यांच्या तक्त्यात एक रकाना आहे : 'फॉलो-अप केलेल्या केसेस'. सल्ला केंद्रात आम्ही दोघीजणी. नव्यानं येणाऱ्या बाया, पोलीस स्टेशन, संरक्षण अधिकाऱ्यांकडचे अर्ज, कोर्ट. यातून एकदा येऊन न परतलेल्या बायांकडे जायला दिवस उरत नाही. आणि अशाच बाया जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसलं. म्हणजे शंभरातल्या चौदाजणी तोंड उघडतात, त्यांतली एखादी आमचा जिना चढते आणि आम्ही तिला पुन्हा विचारतसुद्धा नाही. ही टोचणी खरी होती. त्या टोचणीपोटीच मी म्हटलं, जी सोय कंपन्यांसाठी आहे तीच या बायांसाठी वापरू.

यात एका शब्दानं मला फसवलं असं आता वाटतं. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही 'क्लायंट' हाच शब्द शिकलो. मेरी रिचमंडच्या १९१७च्या पुस्तकापासून तो आमच्या विषयात रुळलेला आहे. मराठीत आपल्याकडे वेगवेगळे शब्द होते. वकिलाचा तो अशील, दुकानदाराचं ते गिऱ्हाईक, वैद्याचा तो रोगी. प्रत्येक शब्दात नातं कोणतं ते कळतं. इंग्रजीतून 'क्लायंट' आला आणि भाजणी नेणारी कंपनी आणि पाठीवरचे वळ दाखवणारी बाई एकाच यादीत बसू लागल्या. आमच्या संस्थेतल्या सर्वांत ज्येष्ठ ताई आजही 'क्लायंट' म्हणत नाहीत, 'केस' तर नाहीच नाही. त्या 'आपली बाई' म्हणतात. मला ते पूर्वी जरा घरगुती, अशास्त्रीय वाटायचं.

सल्ला केंद्राच्या रजिस्टरवरून आमच्या मुलीनं यादी तयार केली. नाव, वय, गाव, फोन, ईमेल, आल्याची तारीख, तक्रारीचं स्वरूप. पत्र मी लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, असं तेव्हा वाटलं. 'आपण आमच्याकडे येऊन बरेच दिवस झाले. सगळं ठीक आहे ना? काही मदत लागली तर नि:संकोच या.' खाली संस्थेचं नाव.

आता त्या बाईबद्दल. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. ती उन्हाळ्यात एकदा आली होती, मुलाला शिकवणीला सोडून. तासभर बोलली. रडली नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली काय मागता येतं हे तिनं नीट विचारून घेतलं, कोणती कागदपत्रं लागतील ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. फॉर्ममध्ये ईमेलचा रकाना होता म्हणून मी ईमेल विचारला. तिनं फोन पुढे केला, 'यात असेल बघा.' तो पत्ता मोबाईलच्या दुकानदारानं फोन घेताना काढून दिला होता. तिनं स्वतः कधी एक पत्र पाठवलेलं नव्हतं.

आपल्याकडच्या कित्येक बायांचा ईमेल हा असाच असतो. अँड्रॉइड फोनवर ॲप उतरवून घ्यायची तर गूगलचं खातं लागतं, म्हणून दुकानदार किंवा मुलगा ते काढून देतो. पासवर्ड कोणाला तरी दुसऱ्यालाच माहीत. त्याच सर्वेक्षणात स्वतः वापरते असा मोबाईल असणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के निघालं. पण त्या ५४ जणींचा फोन रात्री कोणाच्या हातात असतो, हे त्या आकड्यात नाही.

रात्री साधारण नऊला तिचा फोन मुलाच्या हातात होता. तो खेळत होता. पडद्यावर वरून पत्र सरकलं आणि त्यानं ते मोठ्यानं वाचलं, 'आई, हे कोण विचारतंय, सगळं ठीक आहे ना?' नवरा जेवत होता. ती म्हणाली, शाळेचं काही असेल. त्यानं फोन मागितला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ तिनं निभावून नेलं असतं, असं ती नंतर म्हणाली. पण उत्तर आलं नव्हतं, म्हणून आमच्या सोयीनं शिकवल्याप्रमाणे पाचव्या दिवशी दुसरं पत्र पाठवलं. 'आमचा आधीचा निरोप आपल्याला मिळाला असेल अशी आशा आहे.' तोवर फोन नवऱ्याच्या खिशात होता.

तीन आठवड्यांनी ती माहेरच्या एका कार्यक्रमाला आली, तिथून बहिणीला घेऊन आमच्याकडे आली. त्या रात्री घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. ती ओरडली नाही. म्हणाली, 'ताई, तुम्ही चांगल्या मनानंच लिहिलं असणार. पण मी सांगितलं होतं ना?'

सांगितलं होतं. मी केसपेपर काढला. समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'घरी फोन, पत्र नको. स्वतः येईल.' यादीत समास नव्हता. आमच्या मुलीनं जे रकाने होते ते बिनचूक भरले होते, तिची यात काही चूक नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. या सगळ्या महिन्यांत ती गप्प बसलेली नव्हती. एकेक कागद गोळा करून बहिणीकडे ठेवत होती. लग्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. आमच्या यादीत मात्र तिच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' असं होतं. धंद्यात गप्प बसलेलं गिऱ्हाईक बहुधा विसरलेलं असतं, त्याला आठवण केली तर त्याचं काही बिघडत नाही. आमच्याकडे न येणारी बाई विसरलेली नसते. ती वाट बघत असेल, तिच्यावर पाळत असेल, तिनं नवऱ्याशी समझोता केला असेल, तिला आमचा सल्ला पटला नसेल किंवा ती या बाईसारखी शांतपणे तयारी करत असेल. यांतलं कोणतं, हे न कळता तिचं दार ठोठावायचा हक्क आम्हाला कोणी दिला?

संस्थेच्या बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. एक मैत्रीण म्हणाली, 'दोष ईमेलचा नाही, रकान्याचा आहे. संपर्क चालेल की नाही, असा रकाना घाला, प्रश्न मिटला.' हे अर्धं खरं आहे. तसा रकाना आधीच हवा होता. कायद्याच्या अंगानंही तसंच आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३मध्ये झाला, २०२५च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले, त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं ठेवली आहे. त्याचा मोठा आधार संमती हा आहे. ही बाई तर तोंडी नकार देऊनच गेली होती.

पण माझं समाधान तेवढ्यानं होत नाही. मार्चमध्ये 'चालेल' म्हणालेल्या बाईचा फोन जुलैत मोठ्या झालेल्या मुलाकडे गेलेला असतो, किंवा माहेरी राहणारी बाई सासरी परतलेली असते. रकान्यात मात्र 'चालेल' तसंच राहतं. मी स्वतः फोन करते तेव्हा आधी 'हॅलो' कोणाचं ते ऐकते. पुरुषाचा आवाज आला तर 'शिवणाच्या क्लासमधून बोलतेय, नवीन बॅच सुरू होतेय' म्हणते. ती बोलली आणि नुसतं 'हो, हो, बघते' म्हणाली, तर शेजारी कोणीतरी आहे हे ओळखून फोन ठेवते. यात काही मोठी विद्या नाही, गावातली कुठलीही शहाणी शेजारीण हे करते. पण पत्र गेलं की गेलं.

दुसरी एक मैत्रीण उलट टोकाला गेली. तिच्या मते ज्या बाईला यायचं ती येईल, आपण मागे लागूच नये. हेही मला मान्य नाही. दोन वर्षांनी परत आलेल्या एका बाईनं मला विचारलं होतं, 'तुम्ही एकदा तरी चौकशी केली असतीत तर?' तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. विचारपूस हवीच. ती माणसानं करायची आणि त्या माणसाला त्याचा पगार मिळायला हवा. मुंबईत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं पोलिसांकडे महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याच तिथे बसवल्या होत्या. पुढे महाराष्ट्र शासनानं ते काम उचललं. हे काम पगारी माणसाचं आहे, हे चाळीस वर्षांपूर्वी पटवून झालेलं आहे.

आमच्या अंदाजपत्रकात गेल्या तीन वर्षांत प्रवासखर्चाची रक्कम कमी कमी होत गेली. एसटीचं भाडं वाढत गेलं. गावभेटी कमी झाल्या आणि त्या रिकाम्या जागेत ही आपोआप पत्रं येऊन बसली. ज्या तिमाहीत ती सुरू झाली, त्या तिमाहीत 'फॉलो-अप केलेल्या केसेस'चा आकडा तिप्पट झाला. अहवाल वाचून वरून कौतुकाचं पत्र आलं. मी ते फळ्यावर लावलं होतं. आकडा खरा होता, पत्रं गेलीच होती. त्या तिप्पट आकड्यात ही बाई दोनदा मोजलेली आहे.

आता आम्ही काय केलं आहे ते सांगते. सल्ला केंद्रातल्या बायांची यादी त्या संगणकावरून काढून टाकली. रजिस्टर कपाटात, किल्ली आम्हा दोघींकडे. ईमेलचा रकाना फॉर्ममधून गेला. उत्पादन केंद्राची पत्रं पूर्वीप्रमाणेच चालू आहेत आणि येत्या दिवाळीचीही लिहून तयार आहेत. गावभेटींसाठी महिन्याचे दोन दिवस बाजूला काढले आहेत. पुरत नाहीत, पण काढले आहेत. गेल्या तिमाहीत त्या रकान्यात मी फक्त सात लिहिलं आणि शेजारी शेरा दिला, की प्रवासखर्च वाढवून मिळाल्यास आकडा वाढेल. अजून उत्तर नाही. तुमच्या संस्थांमध्ये हा तक्ता कसा भरता, ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे. जरूर कळवा.

पहिल्या भेटीच्या शेवटी आता आम्ही एक प्रश्न विचारतो आणि उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घेतो : पुन्हा तुमच्याशी बोलायचं झालं तर कधी, कुठे, कोणाच्या मार्फत आणि कोण म्हणून? त्या बाईलाही आम्ही नव्यानं विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि सांगितलं, 'बहिणीच्या फोनवर. मंगळवारी दुपारी, ती बाजाराला जाते तेव्हा. आणि मी सांगेन तेव्हाच.' तिचा अर्ज आता संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेला आहे. दवाखान्याच्या दोन चिठ्ठ्या मात्र त्या रात्रीनंतर घरातून गेल्या, त्या पुन्हा मिळवायच्या आहेत.